'बाबा देवास गेले' : यात विभक्ती कोणती, आणि गेलं कोण?

सुदामानगरची_आजी

मंडळी, धागा जरा मास्तरकीचा आहे, पण सुरुवात घडलेल्या गोष्टीने करते.

आमची सून मूळची उज्जैनची, माहेर मालवी-हिंदी. लग्नाला दोन वर्षं झाली. मराठी शिकायचा उत्साह दांडगा, आणि आता बोलतेही छान. गेल्या बुधवारी पुण्याहून माझ्या मामेसासूबाईंचा फोन आला. वय ऐंशीच्या पुढे, ऐकायला कमी. आमचे 'हे' घरात नव्हते, मी अंघोळीला. सुनेने फोन घेतला.

"बाबा आहेत का गं?"
"नाही, बाबा देवास गेले."
पलीकडे शांतता. मग, "अगं बाई! केव्हा?"
"आज सकाळी."
"कशाने?"
"बसने."

पुढची दहा मिनिटं मी ओल्या केसांनी फोनवर मामींना समजावत होते की देवास हे गाव आहे, इंदूरहून पस्तीस-चाळीस किलोमीटरवर, आणि 'हे' संध्याकाळी टेकडीवरच्या देवीचा प्रसाद घेऊन परत येणार आहेत.

रात्री जेवताना मी सुनेला सांगितलं, "देवास गेले नाही, देवासला गेले म्हणावं. हिंदीत 'देवास गए' चालतं, मराठीत 'ला' लागतो." तिने वही काढली (ती खरंच वही ठेवते) आणि विचारलं, "आई, हा 'ला' कोणता? दुसरीतला की चौथीतला?" मला शाळेतलं 'स ला ते, स ला ना ते' अजून तोंडपाठ आहे, पण द्वितीयेतही तेच आणि चतुर्थीतही तेच! मी म्हटलं, चतुर्थी म्हणजे संप्रदान, देणं. बाळाला दूध दिलं, गाईला चारा घातला. त्यावर तिचा पुढचा प्रश्न असा की मी भात वाढायचा डाव हातात घेऊन उभीच राहिले.

"तुम्ही मला शिकवलं की 'माझ्या दोन नणंदा आहेत' नको, 'मला दोन नणंदा आहेत' म्हण. चतुर्थी म्हणजे देणं, तर या नणंदा मला दिल्या कोणी?"

जाणकारांनी सांगावं. १) 'देवासला'मधली विभक्ती कोणती? २) कोणी कोणाला काही देत नसताना हा 'मला' येतो कुठून?

पोहे_जीरावण

आजी, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. नणंदा सासूने दिल्या. तुम्हीच दिल्या!

सुदामानगरची_आजी

हो रे बाबा, हेच माझी धाकटीही म्हणाली.

संकष्टी_उपासकर

धाग्यात चतुर्थी दिसली म्हणून आलो. आज इंदूरला चंद्रोदय किती वाजता आहे?

कुंपणावरचा

आजी, किस्सा फर्मास. पण तुमच्या सुनेने नेमकी दुखरी जागा पकडली आहे. माझं मत स्पष्ट सांगतो: मराठीत द्वितीया आणि चतुर्थी अशा दोन विभक्ती नाहीतच. एकच 'ला-रूप' आहे. आठ विभक्तींचा साचा संस्कृतचा. दादोबा पांडुरंगांचं व्याकरण १८३६ सालचं, त्यांना 'मराठीचे पाणिनी' म्हणतात ते उगीच नाही. तेव्हापासून आपण तो साचा वापरतोय आणि मग एकच प्रत्यय दोन खणांत कोंबतोय. 'मुलाला मारलं' आणि 'मुलाला दिलं' यांत रूपात काडीचा फरक नाही. फरक अर्थात आहे, आणि अर्थाचं काम कारकाचं, म्हणजे शब्दाच्या क्रियेशी असलेल्या नात्याचं, विभक्तीचं नव्हे.

रामबागचे_शास्त्रीबुवा

कुंपणावरचा, अर्धं मान्य, अर्धं नाही.

रूप सारखं म्हणून विभक्ती एक हे म्हणणं घाईचं. संस्कृतात 'रामाभ्याम्' हे एकच रूप तृतीया, चतुर्थी आणि पंचमी तिन्हींचं द्विवचन आहे. म्हणून कोणी तीन विभक्तींची एक केली नाही.

कुंपणावरचा

बुवा, तिथे एकवचनात रामेण, रामाय, रामात् अशी वेगळी रूपं आहेत म्हणून तीन खण टिकले. मराठीतला असा एक शब्द दाखवा जिथे द्वितीयेचा 'ला' आणि चतुर्थीचा 'ला' वेगळा दिसतो. एकच शब्द. मी चहा पाजतो, राजवाड्यावर.

रामबागचे_शास्त्रीबुवा

शब्द नाही दाखवत, वाक्यं दाखवतो. चहा तयार ठेवा.

'मी बैल बांधला.' 'मी बैलाला बांधलं.' दोन्ही चालतं. कर्माचा 'ला' गळू शकतो, कारण मराठीत द्वितीया प्रत्ययाशिवायही असते. आंबा खाल्ला, पत्र लिहिलं. आता 'मी बैलाला चारा घातला' यातला 'ला' काढून पाहा. 'मी बैल चारा घातला' हे मराठी राहत नाही.

कर्मणी करून पाहा. 'चोराला पकडलं'चं 'चोर पकडला गेला' होतं, 'ला' गेला. 'बाळाला दूध दिलं'चं 'बाळाला दूध दिलं गेलं' होतं, 'ला' हलत नाही. जो 'ला' उपटता येतो तो द्वितीयेचा, जो मुळातून हलत नाही तो चतुर्थीचा. सर्वनामांत पहिली कसोटी चालत नाही, 'मी पाहिलं'चा अर्थ 'मला पाहिलं' होणार नाही. पण दुसरी चालते: 'मी पाहिला गेलो'.

आजी, सुनेच्या वहीत एवढं लिहून द्या.

कुंपणावरचा

कसोटी चांगली आहे, मानलं. चहा देणं लागतो. पण ही कसोटीसुद्धा वाक्यातलं नातं ओळखते, रूप नव्हे. म्हणजे माझाच मुद्दा.

पोहे_जीरावण

भिया, चहा बुवांना पाजणार की बुवांना पाजला जाणार? 'ला' नाही तर 'ना' तरी हलतो का बघा.

लष्करवाला

ग्वाल्हेरहून नमस्कार. व्याकरणात मला गती नाही, पण 'मला'ने माझं एकदा वाटोळं केलंय.

साल १९८७. मी कॉलेजात. ग्वाल्हेरच्या लष्कर भागात आमच्या गल्लीत मराठी घरं होती पण बाहेर सगळा कारभार हिंदीत, प्रेमसुद्धा. एका मराठी मास्तरांच्या मुलीला चिठ्ठी लिहिली, मोठ्या हिमतीने मराठीत. पहिलंच वाक्य, 'मला तुझ्याशी प्रेम आहे.' डोक्यात 'मुझे तुमसे प्यार है' होतं, ते उचलून ठेवलं.

चार दिवसांनी चिठ्ठी परत आली. तीच चिठ्ठी. लाल पेनने 'मला' खोडून वर 'माझे', आणि 'तुझ्याशी' खोडून 'तुझ्यावर'. खाली दोन ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका गोल केलेल्या. प्रेमाबद्दल अवाक्षर नाही.

पोहे_जीरावण

काका, पुढे काय झालं????

डसेलडॉर्फचा_इंदुरी

पुढे काय झालं +१

सुदामानगरची_आजी

लष्करवाला, हसून डोळ्यांत पाणी आलं. पण तुमच्या चिठ्ठीतून एक गोष्ट लक्षात आली. हिंदी दोन्हीकडून ओढते. 'माझं तुझ्यावर प्रेम', 'माझा विश्वास', 'माझं तुझ्याकडे काम आहे' इथे आपला 'माझं' असतो, तिथे इंदूरची पोरं 'मला' घुसवतात: 'मला तुझ्याशी काम आहे', 'मला पूर्ण विश्वास आहे'. आणि 'मला दोन बहिणी आहेत' म्हणायचं तिथे 'माझ्या दोन बहिणी आहेत'. म्हणजे नको तिथे चतुर्थी आणि हवी तिथे षष्ठी.

पुणेरी_चष्मा

क्षमस्व, पण 'माझ्या दोन बहिणी आहेत' यात अशुद्ध काय? 'त्या दोघी कोण?' 'माझ्या बहिणी आहेत.' शुद्ध आहे की. प्रश्न संदर्भाचा आहे.

आणि इंदूर-ग्वाल्हेरला कशाला नावं ठेवता? आमच्याकडे 'मी त्याला बोललो' सर्रास ऐकू येतं. त्याला सांगतात, त्याच्याशी बोलतात. त्याला बोलणं म्हणजे रागावणं. कोणी 'बॉसला बोललो' म्हणालं की मला वाटतं याची नोकरी गेली.

सुदामानगरची_आजी

चष्मा, दोघी समोर उभ्या असल्या तर 'माझ्या' बरोबर. पण 'तुला भावंडं किती?' याचं उत्तर 'मला दोन बहिणी आहेत' असंच यायचं आमच्या घरात.

बडोदेकरीण

तुमचं हिंदीचं दुखणं वेगळं, आमचं गुजरातीचं वेगळं. मी नाशिकची, सासर बडोद्याला दांडिया बाजारात.

गुजरातीत आपल्या 'ला'च्या जागी 'ने' असतो. मला म्हणजे 'मने', रामाला म्हणजे 'रामने'. आता आपल्या मराठी कानाला 'रामने' म्हणजे रामानं, तृतीया, करणारा तो. हिंदीतही 'राम ने' म्हणजे करणाराच. गुजरातीत मात्र ज्याला मिळतं तो! हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

लग्नानंतर दीड-दोन महिन्यांची गोष्ट. शेजारच्या बेन गावाला निघाल्या, जाताना जिन्यातून ओरडल्या, "रमेशने पांचसो आपजो हं!" रमेश म्हणजे इस्त्रीवाला. 'आपवुं' म्हणजे देणं एवढं मला कळत होतं. मी समजले की रमेश पाचशे रुपये देणार आहे, ते घेऊन ठेवायचे. दुपारी रमेश आला. तो दारात उभा, मी दारात उभी. तो हसला, मी हसले. त्याने हात पुढे केला, मीही केला. असे आम्ही दोघं हात पसरून उभे, बोहारणीसारखे. शेवटी आतून सासूबाईंनी विचारलं, "काय गं, काय मागतेस त्याच्याकडे?"

एका 'ने'मध्ये देणारा घेणारा झाला.

डसेलडॉर्फचा_इंदुरी

बडोदेकरीण, हात पसरलेलं दृश्य डोळ्यांसमोर आलं, अशक्य हसतोय.

मी मूळचा नारायण बागेतला, आता बारा वर्षं जर्मनीत. इकडे येऊन जर्मन शिकलो तेव्हा वर्गातल्या सगळ्यांचं जिथे डोकं फिरायचं तिथे मला घरी आल्यासारखं वाटलं. थंडी वाजते तर जर्मन माणूस 'मीर इस्ट काल्ट' म्हणतो. 'मीर' म्हणजे मला. मला थंड आहे. वर्गातला एक इंग्रज सारखा 'मी थंड आहे' असं म्हणायचा आणि बाई म्हणायच्या, तसं म्हटलं तर ऐकणारे तुझ्यापासून लांब बसतील. 'मला मदत कर'मध्येही त्यांच्याकडे हीच विभक्ती. फक्त त्यांच्या क्रमात ती तिसरी येते. तिकडे चतुर्थी तृतीयेलाच उरकतात.

संकष्टी_उपासकर

म्हणजे उपास एक दिवस आधी? चंद्रोदयाचं कोणी सांगेल का?

पोहे_जीरावण

भिया, खजराण्याच्या गणपतीला जा, तिथे लिहिलेलं असतं.

कुंपणावरचा

डसेलडॉर्फच्या मुद्द्याला जोडून. आजींच्या प्रश्नाचं खरं मर्म इथे आहे. मराठीत माणूस स्वतः होऊन जे करतो तिथे 'मी', आणि त्याच्यावर जे येऊन पडतं तिथे 'मला'. जोड्या बघा:

मी पाहतो, मला दिसतं. मी ऐकतो, मला ऐकू येतं. मी आठवतो (मुद्दाम, डोकं खाजवून), मला आठवतं (आपोआप). मी रागावतो, मला राग येतो.

भूक, तहान, झोप, ताप, उचकी, कंटाळा, लाज, दया हे सगळे 'मला' येतात, लागतात, होतात, वाटतात. आपण फक्त मुक्कामाचं ठिकाण. आणि क्रियापद आपल्याकडे ढुंकून बघत नाही: मला आंबा आवडतो, मला कैरी आवडते, मला आंबे आवडतात. मी बाई असो की बुवा, 'आवडतो' हे आंब्यावर ठरतं. दक्षिणेतही हेच. कन्नडात 'ननगे', तमिळमध्ये 'एनक्कु', तेलुगूत 'नाकु'. भूक लागते ती तिकडेही 'मला'च.

पुणेरी_चष्मा

'मी रागावतो' आणि 'मला राग येतो' यातला फरक माझ्या बायकोला समजावून द्याल का? ती म्हणते 'तुम्ही रागावता'. मी म्हणतो, मला राग येतो, मी काय करणार!

बडोदेकरीण

चष्मा, म्हणजे जबाबदारी टाळायला चतुर्थी. माझा मुलगा हेच करतो. 'अभ्यास का नाही केलास?' 'मला झोप आली.' झोपला तो, पण दोष झोपेचा.

रामबागचे_शास्त्रीबुवा

आता जरा बसून लिहितो. सकाळपासून हात शिवशिवत होते.

आजी, 'चतुर्थी म्हणजे देणं' हे शाळेपुरतं ठीक. पाणिनीने सुरुवात तिथूनच केली, पण तिथे थांबला नाही. कर्माने ज्याला गाठायचं तो संप्रदान, हे पहिलं सूत्र. लगेच पुढचं सूत्र आवडण्याचं: 'रुच्यर्थानां प्रीयमाणः'. आवडणं या अर्थाच्या धातूंच्या योगाने ज्याला आवडतं तो संप्रदान. उदाहरण परंपरेने चालत आलेलं: 'देवदत्ताय रोचते मोदकः'. देवदत्ताला मोदक आवडतो. कोणी दिला का मोदक? ताटात आहे की नाही तेही सांगितलेलं नाही. तरी चतुर्थी. राग, द्रोह, मत्सर असेल तर ज्याच्यावर राग तोही संप्रदान. 'नमः' आणि 'स्वाहा'च्या योगानेही चतुर्थीच: गणेशाय नमः. म्हणजे अडीच हजार वर्षांपूर्वीही ही विभक्ती दानापुरती नव्हती.

आता देण्याची गंमत. धोब्याला कपडे दिले, तर ते देणं खरं देणं का? कपडे परत येणार आहेत. म्हणून काही वैयाकरण म्हणाले की हे संप्रदान नाही, इथे षष्ठी घाला: 'रजकस्य वस्त्रं ददाति'. कायमचं दिलं तरच चतुर्थी. पण पतंजलीच्या महाभाष्यात एक गुरुजी आहेत, शिष्याने उदात्त (चढ्या) स्वराच्या जागी अनुदात्त (खालचा) म्हटला की ते 'तस्मै चपेटां ददाति'. त्याला थोबाडीत देतात! तिथे बिनदिक्कत चतुर्थी.

पोहे_जीरावण

म्हणजे धोब्याचे कपडे परत येतात म्हणून षष्ठी, आणि थोबाडीत परत येत नाही म्हणून चतुर्थी? बुवा, आमच्या शाळेत परत यायची.

बडोदेकरीण

या नियमाने माझ्या इस्त्रीवाल्या रमेशला षष्ठी द्यायला हवी होती.

रामबागचे_शास्त्रीबुवा

रमेशला पाचशे कायमचे द्यायचे होते, म्हणून चतुर्थीच. कपडे दिले असते तर वाद घालता आला असता.

आता आजींचा पहिला प्रश्न, 'देवासला'. यावरही पाणिनीचं सूत्र आहे. गावाला जाणं असेल तर द्वितीया किंवा चतुर्थी, दोन्ही चालतात: 'ग्रामं गच्छति' किंवा 'ग्रामाय गच्छति'. पण अट अशी की जाणं शरीराने झालं पाहिजे. मनाने गेलात तर फक्त द्वितीया. तेव्हा तुमचे यजमान बसने गेले म्हणून चतुर्थीची सोय. घरी आरामखुर्चीत बसून देवासला गेले असते तर द्वितीयाच.

सुदामानगरची_आजी

बुवा, ते घरी बसून रोज अमेरिकेला जातात मुलाकडे. सगळी द्वितीयाच म्हणायची.

पुणेरी_चष्मा

'देवास' या नावातच 'देव + स' आहे हे कोणाच्या लक्षात आलं का? स हा चतुर्थीचा प्रत्यय! देवास फूल वाहिलं, देवास नैवेद्य दाखवला. म्हणजे आजींच्या मामेसासूबाईंनी चुकीचं काही ऐकलं नाही. हे अख्खं गावच चतुर्थीत आहे. 'देवासला' म्हणजे चतुर्थीवर चतुर्थी. (गावाचं नाव यावरून पडलं असं म्हणत नाही, उगाच कोणी माझ्या नावाने पुढे ढकलू नका.)

पोहे_जीरावण

देवासला देवास देवासहून आणलेला प्रसाद दिला. घ्या, सोडवा.

कुंपणावरचा

'स' वरून आठवलं. बोलण्यातून तो उठला, पण लग्नपत्रिकेत आणि सरकारी कागदात ठाण मांडून बसलाय. 'आपणांस कळविण्यात येते की', 'कार्यास उपस्थित राहून वधूवरांस शुभाशीर्वाद द्यावेत'. आमच्या इंदुरातल्या घरांत मराठी बोलणं कमी झालं, वाचणं त्याहून कमी, पण पत्रिका मराठीत छापतातच. काही मुलांची 'स'शी भेट फक्त लग्नसराईत होते. 'ते' तर माझ्या माहितीत फक्त पाठांतरात आणि जुन्या ओव्यांत उरलाय. मातें, तूतें.

संकष्टी_उपासकर

अवांतर होतंय पण विचारतो. 'चतुर्थीला उपास करतो' यात 'चतुर्थीला' ची विभक्ती कोणती?

पोहे_जीरावण

चतुर्थीची चतुर्थी. आता मोदक घेऊन या.

रामबागचे_शास्त्रीबुवा

उपासकर, प्रश्न चेष्टेचा नाही. 'चतुर्थीला', 'नऊला गाडी आहे', 'डझनाला साठ रुपये', 'दाराला कडी', 'मी बडोद्याला राहते' या 'ला'मध्ये ना देणं, ना कर्म. काळ, किंमत, जोड, मुक्काम. संस्कृतात यातल्या काही ठिकाणी सप्तमी आली असती. 'ला' हा घरातल्या थोरल्या सुनेसारखा आहे, ज्याला जे जमत नाही ते सगळं त्याच्या गळ्यात.

सुदामानगरची_आजी

बुवा, सुना वाचतात हं हा धागा.

आणखी एक राहिलंच. 'ना' आणि 'ला'चं मानाचं प्रकरण. परवा हीच सून म्हणाली, "बाबाला चहा दिला." मी दचकले. आपल्याकडे बाबांना, काकांना, सासूबाईंना. 'बाबाला' म्हटलं की नातवाला नाहीतर मारुतीच्या देवळाबाहेरच्या बाबाला दिला असं वाटतं. हिंदीत 'पापा को'च, मान वेगळा 'जी' लावून द्यायचा. आपला मान प्रत्ययात बसलेला. तिने हे लगेच उचललं आणि मग उत्साहात 'तुम्हांना' म्हणायला लागली! खरंच की, बाबांना, त्यांना, पाहुण्यांना, आणि तुम्हाला-आम्हाला मात्र 'ला'. का, ते मलाही सांगता आलं नाही.

लष्करवाला

आजी, आमची कामवाली मुरैनाकडची. ती 'मुझे' म्हणत नाही, 'मोय' म्हणते. 'मोय नाय पतो'. आमची आई म्हणायची, हे आपल्या अभंगातल्या 'मज'चं भावंड आहे. खरं का बुवा?

रामबागचे_शास्त्रीबुवा

लष्करवाला, आईंचा कान पक्का. सख्खं नाही, चुलत. पण खरी गंमत हिंदीतल्या 'मुझे'ची आहे, आणि त्यातच आजींच्या सुनेचं उत्तर आहे.

संस्कृतात मला म्हणजे 'मह्यम्', चतुर्थी. प्राकृतात त्याचं 'मज्झ' झालं. पण प्राकृतात एक मोठी उलथापालथ झाली होती, चतुर्थी जवळजवळ मोडीत निघाली आणि तिचं काम षष्ठीने घेतलं. बाराव्या शतकात हेमचंद्राने आपल्या प्राकृत व्याकरणात सूत्रच लिहिलं, 'चतुर्थ्याः षष्ठी'. चतुर्थीच्या जागी षष्ठी. त्यामुळे 'मज्झ' म्हणजे मलाही आणि माझंही. त्याच 'मज्झ'पासून एकीकडे आपला 'मज', 'मजला', आणि दुसरीकडे 'माझा'. हिंदीतला 'मुझ' त्याच घरचा. आपला 'स' प्रत्ययसुद्धा संस्कृत षष्ठीच्या 'स्य'चा वंशज मानतात. आणि 'ला' हा जुन्या 'लागी'पासून, म्हणजे लागून असलेला, असं एक मत आहे.

तेव्हा 'मला' आणि 'माझा' एकाच आईची लेकरं. मह्यम् ही चतुर्थी 'माझा'मध्ये षष्ठी होऊन बसली आहे. सुनेने 'माझ्या दोन नणंदा आहेत' म्हटलं तर ती हजार-दीड हजार वर्षं मागे गेली एवढंच. संस्कृतातही बहिणी षष्ठीनेच सांगतात, 'मम द्वे भगिन्यौ'. आजच्या मराठीत नात्याच्या माणसांना 'मला' शोभतो, कारण नाती आपण मिळवत नाही, ती आपल्याला लागलेली असतात. घर, गाडी मात्र 'माझं'. 'मला एक गाडी आहे' कोणी म्हणत नाही.

कुंपणावरचा

बुवा, दंडवत. पण हे तर माझ्याच बाजूचं झालं! चतुर्थी हजार वर्षांपूर्वी मोडीत निघाली हे तुम्हीच सांगितलंत. मग मेलेली विभक्ती शाळेत कशाला शिकवायची?

रामबागचे_शास्त्रीबुवा

मेली ती रूपाने. काम 'ला'च्या अंगात शिरून चालू आहे. वाद राजवाड्यावर, चहा घेताना. शनिवारी सहाला. ('सहाला'ची विभक्ती तिथे ठरवू.)

बडोदेकरीण

हेमचंद्र पाटणचे, म्हणजे आमच्या गुजरातचे, एवढी नोंद करून ठेवते.

पोहे_जीरावण

लष्करवाले काका, चिठ्ठीचं पुढे काय झालं ते अजून सांगितलं नाहीत. सगळा धागा थांबलाय.

लष्करवाला

पुढे काय. माझं तिच्यावर होतं, तिला माझ्याशी काम नव्हतं. दोन्ही विभक्ती बरोबर आहेत का तपासून घ्या.

पुणेरी_चष्मा

'तिचं माझ्याकडे काम नव्हतं' असं हवं.

लष्करवाला

हुबेहूब तीच. लाल पेन तुमच्याकडे आलं वाटतं.

वहीवाली_सून

नमस्कार. मी ती सून. आईंनी लिंक दिली, दोन दिवस लागले वाचायला. काही शब्द विचारावे लागले, 'बोहारीण' बाबांनी सांगितलं.

शास्त्रीबुवांची कसोटी वहीत घेतली. एक शंका आहे. आमच्याकडे उज्जैनला मालवीत 'म्हने' म्हणतात, 'म्हने नी मालम', म्हणजे मला माहीत नाही. मग हा 'ने' बडोद्याच्या ताईंच्या 'मने'चा ना? म्हणजे मी माहेरी असताना गुजरातीच्या जवळची चतुर्थी बोलत होते, शाळेत 'मुझे', इथे 'मला', आणि इंदूरच्या बाजारात 'मेरे को'. चार झाल्या.

आणि पुण्याच्या आजींना परत फोन केला होता मी. या वेळी बरोबर बोलले, "बाबा भोपाळला गेले." त्या म्हणाल्या, "भोपाळला ना, मग हरकत नाही."

सुदामानगरची_आजी

अगं, आणि ते 'बाबांना' कधी येणार? सकाळी पुन्हा 'बाबाला पोहे देऊ का' म्हणालीस.

वहीवाली_सून

आई, ते बाहेरच्या बाबालाच विचारत होते. आज संकष्टी आहे म्हणून आला होता.

संकष्टी_उपासकर

आजच आहे?? मी पोहे खाल्ले सकाळी.